विचारवंताचं प्रगतिपुस्तक

'तज्ज्ञांचे अंदाज आणि माकडानं फेकलेले बाण, दोन्ही सारखेच!' हे वाक्य परवा पुन्हा एकदा वाचनात आलं. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाच्या नावावर ते खपवलं जातं आणि लगेच निष्कर्षही काढला जातो की कुणाचंच ऐकू नका, सगळे एका माळेचे मणी. मला या वाक्याचा राग येतो. त्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा भागच ते पुसून टाकतं.

टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांकडून राजकारण आणि अर्थकारणाबद्दलची हजारो भाकितं आकड्यांत लिहून घेतली, वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि मग ती तपासली. २००५ साली सगळे निकाल पुस्तकरूपानं आले. सरासरी तज्ज्ञाची कामगिरी खरोखरच यथातथा होती. पण त्या सरासरीत दोन प्रकारची माणसं मिसळलेली होती. काही जण एकाच मोठ्या सिद्धांताच्या चष्म्यातून सारं जग बघत. काही जण दहा ठिकाणची माहिती जमवत आणि स्वतःच्याच मताला 'पण' लावून बघत. हे दुसरे लोक स्पष्टपणे सरस ठरले. माध्यमांना ज्यांचं जास्त आकर्षण, त्यांचे अंदाज उलट जास्त चुकले. वर्षभरात घडू शकणाऱ्या गोष्टींबद्दल तज्ज्ञांना बऱ्यापैकी सांगता येत होतं. तीन ते पाच वर्षांपुढचं सांगताना मात्र त्यांची गाडी जवळजवळ नाणेफेकीवर येऊन थांबली. म्हणजे माणसामाणसांत फरक होता आणि तो मोजताही आला.

हा फरक ऐकणाऱ्याला नुसत्या कानानं कळतो का? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेला एक प्रयोग यावर बोलका आहे. 'डॉ. फॉक्स' नावाच्या एका विद्वानाचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षणक्षेत्रातले लोक. वक्ता प्रत्यक्षात एक नट होता. परस्परविरोधी विधानं, नवे घडवलेले शब्द आणि पेरलेले विनोद यांचं मिश्रण त्याच्याकडून घोटून घेतलेलं होतं. एका गटानं ते समोर बसून ऐकलं, दोन गटांनी चित्रफितीवर पाहिलं. तिन्ही मिळून ५५ माणसं, आणि बहुतेकांचा अभिप्राय अनुकूल! वक्ता बनावट आहे हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. तेव्हा कान या कामाला पुरत नाहीत, वही लागते.

मी अशी वही ठेवतो. चार रकाने: कोण म्हणालं, नेमकं काय म्हणालं, कधीपर्यंत, काय झालं. ठेवायला लागल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की तिसरा रकाना रिकामाच राहतो. 'येत्या काळात मोठी उलथापालथ होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे वाक्य किती भारदस्त वाटतं! आता ते रकान्यांत बसवून बघा. 'येत्या काळात' म्हणजे दोन महिने की वीस वर्षं? 'मोठी' म्हणजे केवढी? आणि 'शक्यता नाकारता येत नाही' हे तर उद्या लघुग्रह आदळण्याबद्दलही म्हणता येईल. हे वाक्य कधीच खोटं पडू शकत नाही, म्हणूनच ते काहीही सांगत नाही.

शब्दांचा हा घोळ शर्मन केंट या अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषकानं जवळून पाहिला होता. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे, असा अहवाल त्यांच्या गटानं एकमतानं दिला. नंतर कुणीतरी सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट यांच्या मनात साधारण ६५ टक्के होते. त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं. कुणाच्या मनात २० टक्के, कुणाच्या ८०! एकाच शब्दावर सगळ्यांनी सही केली होती आणि प्रत्येकानं वेगळ्याच गोष्टीवर केली होती.

म्हणून अंदाज आकड्यात हवा. पण आकडा घेतला तरी गुण कसे द्यायचे? इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते, आणि तिच्यासाठी कागद-पेन्सिल घ्यावी ही विनंती.

ग्लेन ब्रायर हे अमेरिकेच्या हवामान खात्यातले शास्त्रज्ञ. १९५० साली त्यांनी तीन पानांचा एक लेख लिहिला. त्यातल्या पद्धतीचं आजचं सोपं रूप असं: घटना घडली तर १ आणि नाही घडली तर ० धरायचं. या आकड्यातून सांगितलेली संभाव्यता वजा करायची आणि येणाऱ्या फरकाचा वर्ग करायचा. हा झाला दंड. जितका कमी तितका अंदाज चांगला. 'उद्या पाऊस ७० टक्के' म्हटलं आणि पडला, तर दंड ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९. नाही पडला तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९.

वर्ग कशाला? नुसती वजाबाकी का चालत नाही? वजाबाकीवर गुण देऊन बघू. समजा, एखाद्याला मनापासून ७० टक्के वाटतं आहे. त्यानं प्रामाणिकपणे ७० सांगितलं, तर दहापैकी सात वेळा दंड ०.३ आणि तीन वेळा ०.७. सरासरी ०.४२. तोच माणूस छाती ठोकून '१०० टक्के!' म्हणाला, तर सात वेळा दंड शून्य आणि तीन वेळा १. सरासरी ०.३०. बघितलंत? वजाबाकीच्या नियमात फुशारकी मारणारा जिंकतो. नियमच माणसाला खोटं बोलायला शिकवतो.

आता वर्ग करा. ७० सांगणाऱ्याचा सरासरी दंड: ०.७ गुणिले ०.०९, अधिक ०.३ गुणिले ०.४९. उत्तर ०.२१. १०० सांगणाऱ्याचा ०.३०. ९० सांगणाऱ्याचा ०.२५. आणि भीतीनं ५० वर येऊन बसणाऱ्याचा? तोही बरोबर ०.२५. मनातल्या आकड्यापासून वर सरका किंवा खाली, दंड वाढतोच, आणि तो वाढतो किती, तर जेवढं सरकलात त्याच्या वर्गाइतका. २० टक्के सरकलं की ०.०४ जादा, ३० टक्के सरकलं की ०.०९ जादा. उद्धट माणूस आणि भित्रा माणूस यांना एकाच तराजूत तोलणारा हा नियम आहे. मनात आहे तेच बोलणं हा इथे सगळ्यात फायद्याचा मार्ग ठरतो. एका साध्या वर्गानं हे साधतं, याचा आनंद मला इतक्या वर्षांनीही कमी झालेला नाही. चर्चेच्या मंचावर मात्र आपण नकळत वजाबाकीचा नियम लावून बसतो: ठाम बोलून बरोबर आला तो द्रष्टा, आणि चुकला तर आपण विसरून जातो.

याच्या पुढची पायरी थोडी अवघड आहे. शंभर दिवसांपैकी ३० दिवस पाऊस पडणार आहे असं समजू. एक जण रोज '३० टक्के' म्हणतो. त्याचा आकडा आणि प्रत्यक्षातलं प्रमाण तंतोतंत जुळतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्याचा सरासरी दंड ०.२१. पण त्याचं ऐकून छत्री घ्यायची की नाही हे कधीच कळणार नाही. दुसरी व्यक्ती पन्नास दिवसांना '१० टक्के' म्हणते आणि त्यांतल्या ५ दिवशी पाऊस पडतो. उरलेल्या पन्नास दिवसांना ती '५० टक्के' म्हणते आणि २५ दिवशी पडतो. तिचंही कॅलिब्रेशन अचूकच, पण दंड ०.१७. हा ०.०४ चा फरक आला कुठून? तिचे आकडे सरसकट ३० पासून दोन्ही बाजूंना ०.२ नं दूर गेले आणि त्या ०.२ चा वर्ग तिला बक्षीस मिळाला. हवामानशास्त्रज्ञ अॅलन मर्फी यांनी १९७३ मध्ये ब्रायरच्या दंडाची अशी फोड करून दाखवली: विषयातली मूळची अनिश्चितता, तीत कॅलिब्रेशनच्या चुकांची भर, आणि त्यातून वजा ही दिवसादिवसांत भेद करण्याची ताकद. माणूस प्रामाणिक आहे का आणि त्याला खरंच काही दिसतं का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. विचारवंताकडून दोन्ही हवेत.

भविष्य सांगणाऱ्यांचा दावा तपासायलाही अशीच चाचणी लागते. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या, भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती कुणाची एवढंच ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं दिली. यशाचं प्रमाण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. टीव्हीवरचा पंडित आणि पत्रिका मांडणारा, दोघांनाही माझी हीच एक परीक्षा आहे.

काही क्षेत्रांतल्या माणसाची नजर मात्र खरोखर तयार होते, ती का? दोन मानसशास्त्रज्ञांपैकी डॅनियल कानेमान यांचा तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेवर अविश्वास होता, तर गॅरी क्लाइन यांचा विश्वास. दोघांनी वर्षानुवर्षं वाद घातला आणि २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. त्यांनी दोन अटी काढल्या: विषयात काही नियमितपणा हवा, आणि चूक की बरोबर हे कळत राहून शिकायची दीर्घ संधी हवी. अग्निशमन दलातला अनुभवी माणूस या अटींत बसतो, बुद्धिबळपटू बसतो. दीर्घ पल्ल्याचं राजकीय भाकीत करणारा बसत नाही, तो कितीही वाचलेला असला तरी.

कीर्ती तर मुळीच पुरावा नाही. लायनस पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७० पासून ते 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं सर्दी टळते असं सांगू लागले आणि सर्वसामान्य लोकांवरच्या चाचण्यांत ते टिकलं नाही. परका विषय होता, असं म्हणता येईल. पण क्वासिक्रिस्टल (ज्यांतली अणूंची मांडणी नियमबद्ध असते, पण ठरावीक अंतरानं पुन्हा तशीच येत नाही, असे पदार्थ) तर स्फटिकांचा, म्हणजे त्यांच्या घरचाच विषय! डॅन शेख्टमन यांनी १९८२ मध्ये ते पाहिले, पॉलिंग अखेरपर्यंत नाकारत राहिले आणि २०११ मध्ये शेख्टमन यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. विचारवंताचं काम भाकीत करणं एवढंच कुठे असतं? तो न सुचलेला प्रश्न विचारतो, अन्यायाला नाव देतो, काय असावं ते सांगतो. हे मला मान्य आहे. 'काय असावं' याला ब्रायरचा तराजू लागू पडत नाही आणि लावूही नये. पण नैतिक युक्तिवादाच्या पोटातही बहुधा एखादं 'असं केलं तर तसं होईल' दडलेलं असतं, आणि ते वहीत उतरवता येतं. शिवाय तो विरोधी पुराव्याचं काय करतो हेही बघता येतं. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय नोंदवली आहे: आपल्या सिद्धांताच्या विरोधातलं काही दिसलं की ते ताबडतोब लिहून ठेवायचं, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरतात. आठवण आपल्याच बाजूला झुकते, हे पुढे प्रयोगांतही दिसलं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत दौऱ्यावर जाण्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याच्या संभाव्यता घेतल्या. दौऱ्यांनंतर तेच आकडे आठवायला सांगितले, तेव्हा घडलेल्या गोष्टींना आपण मुळातच जास्त संभाव्यता दिली होती असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

म्हणून मुदत घालून चुकणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा, संगणक त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. रेडिओलॉजिस्ट आजही हवेच आहेत. आपलं ते बोलणं फार सरसकट होतं, असं पुढे हिंटन यांनीच सांगितलं. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल रोज कानावर पडणाऱ्या 'सगळं बदलून जाईल' छापाच्या शंभर वाक्यांपेक्षा हे एक चुकलेलं विधान मला जास्त शिकवून गेलं.

जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि अर्थशास्त्रज्ञ जूलियन सायमन यांनी तर पैज लावली होती. लोकसंख्या वाढेल तशी संसाधनं महागतील, हे एर्लिक यांचं म्हणणं. सायमन म्हणत, स्वस्त होतील. १९८० च्या सप्टेंबरमध्ये तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू ठरले, प्रत्येकी २०० डॉलरचे, मुदत दहा वर्षांची. महागाई वजा जाता भावात जेवढा फरक पडेल तेवढा हरणाऱ्यानं द्यायचा. महागाई वजा जाता पाचही धातू स्वस्त झाले. ऑक्टोबर १९९० मध्ये एर्लिक यांनी सायमन यांना ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक पाठवला. नंतर काही अभ्यासकांनी विसाव्या शतकातल्या इतर दशकांवर तीच पैज लावून पाहिली. बहुतेक दशकांत एर्लिक जिंकले असते. माझ्या वहीत या पैजेचं पान आहे आणि शेवटच्या रकान्यात ही दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिलेली आहेत.