करवत फिरू लागते तो पहिला सेकंद

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडी लावण्याच्या जागेत छोटे वर्कशॉप थाटणारे बहुतेक जण विजेचा विचार एका बेरजेने करतात. करवत पंधराशे वॉट, ग्राइंडर साडेआठशे, ड्रिल सहाशे, कॉम्प्रेसर आणखी पंधराशे, वेल्डिंग मशीन तीन हजार. एवढी बेरीज वीजबिलावरच्या मंजूर भारात बसत नाही, म्हणून लोड वाढवून घ्यायला धावतात. ही बेरीज दोन्ही बाजूंनी फसवी असते. एकटा माणूस एका वेळी एकच यंत्र चालवतो. फार तर त्याच्या जोडीला भुसा ओढणारा पंखा आणि टाकीतला दाब उतरला की आपोआप सुरू होणारा कॉम्प्रेसर असतो, त्यामुळे सगळे वॉट एकत्र कधीच येत नाहीत. उलट, करवतीची मोटर सुरू होताना जो प्रवाह खेचते, तो या बेरजेत कुठेच दिसत नाही, आणि आखणी खरी त्याच्यासाठी करायची असते.

दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर घेऊ. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा तिच्या शाफ्टवर सुमारे १,४९० वॉट मिळतात. पण अशा मोटरची कार्यक्षमता ७० टक्के आणि पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.८ धरला, तर २३० व्होल्टवर पूर्ण भाराखाली ती ११ ते १२ अँपिअर घेते. हा आकडा मोटर वेगात असतानाचा. सुरुवातीला रोटर थांबलेला असतो आणि त्या अवस्थेत तो ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट केलेल्या दुसऱ्या गुंडाळीसारखा वागतो, त्यामुळे वेग येईपर्यंत, म्हणजे अर्धा-एक सेकंद, प्रवाह पाच ते सात पटींवर जातो. आपल्या उदाहरणात तो ६० ते ८० अँपिअर होईल.

घरातल्या दिव्यांसाठी वापरतात तो ‘बी’ वर्गाचा १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) आपल्या क्षमतेच्या तीन ते पाच पट प्रवाहावर, म्हणजे ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान, तत्काळ पडतो. करवत सुरू करताच तो पडला की बरेच वायरमन त्याच्या जागी ३२ अँपिअरचा बसवून देतात. एमसीबी असतो तो मुळात वायर वाचवण्यासाठी; २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून ३२ अँपिअर सतत वाहू देणे म्हणजे पाइपातले इन्सुलेशन हळूहळू भाजणे होय. योग्य उपाय म्हणजे तोच १६ अँपिअरचा, पण ‘सी’ वर्गाचा एमसीबी. तो पाच ते दहा पटींवर तत्काळ पडतो, त्यामुळे सुरुवातीचा क्षणिक प्रवाह सोडून देतो आणि जास्त वेळ टिकणारा अतिभार मात्र पूर्वीसारखाच तोडतो.

त्याच सेकंदाचा हिशेब वायरच्या जाडीलाही लागू होतो. घरातल्या बोर्डापासून शेड ३० मीटरवर असेल, तर फेज आणि न्यूट्रल मिळून तांब्याची लांबी ६० मीटर होते आणि २.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध साधारण ०.४५ ओहम भरतो. मोटर वेगात असताना १२ अँपिअरला जेमतेम साडेपाच व्होल्ट उतरतात, ही काही चिंतेची बाब नाही. सुरू होताना मात्र ७० अँपिअरला सुमारे ३१ व्होल्ट वायरमध्येच जिरतात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतो, म्हणून व्होल्टेज २३० वरून १९९ वर आले की तो जवळपास चतुर्थांशाने घटतो. मोटर घुमत राहते, वेग उशिरा घेते, आणि तो जादा प्रवाह तितका जास्त वेळ वाहतो. ज्या गावांत डीपी (वितरण ट्रान्सफॉर्मर) लांब असल्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज मुळातच पडलेले असते, तिथे मोटर जळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यास हीच घट १३ व्होल्टच्या आसपास येते. वायरचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे इथे काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन वायरवर करवत चालवणे तर सर्वथा टाळावे, कारण वेटोळ्यात अडकलेली उष्णता बाहेर पडत नाही.

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचे दुखणे निराळे आहे. ११० अँपिअरवर रॉड जाळताना आर्कचे व्होल्टेज साधारण २४ असते, म्हणजे उपयुक्त शक्ती २.७ किलोवॉटच्या आसपास. पण साध्या मशीनचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने पुरवठ्यातून २० अँपिअरच्या घरात प्रवाह जातो. सोळा अँपिअरची तीन पिनांची प्लग-पिन त्यासाठी नाही. मशीनला स्वतंत्र सर्किट आणि ३२ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट द्यावे.

मोटर सुरू होण्याचा दुसरा क्षण आपल्या हाती नसतो. लाकूड कापत असताना वीज गेली, बटण चालूच राहिले आणि वीस मिनिटांनी वीज परत आली, तर पाते आपोआप फिरू लागते. शेतकरी पंपाला ‘ऑटो’ बसवून नेमके हेच घडवून आणतात आणि रात्रीच्या विजेसाठी ते सोयीचेही असते. करवतीला मात्र नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर हवा, जो वीज जाताच सुटतो आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. दिवेही यंत्रांच्या सर्किटवर ठेवू नयेत, कारण एमसीबी पडल्यानंतर पाते काही सेकंद फिरत असते आणि नेमका त्याच वेळी अंधार होणे धोक्याचे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. त्याच्याखाली मिनिटाला २,८८० फेरे घेणारे यंत्र संथ फिरत असल्याचा भास होऊ शकतो. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा हा प्रश्न मिटवतो.

थ्री फेज जोडणी घ्यावी का, हा प्रश्न मोठी यंत्रे आली की उद्भवतोच. थ्री फेज मोटरला सुरू होण्यासाठी कपॅसिटरची गरज नसते आणि तिला मिळणारी शक्ती एकसारखी राहते. पण एकाच मोठ्या यंत्रासाठी सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करणारा व्हीएफडी पुरतो, शिवाय तो मोटरला हळूहळू वेग देत असल्याने सुरुवातीच्या प्रवाहाची कटकटही उरत नाही. छंदापुढे जाऊन बाहेरची कामे पैसे घेऊन करू लागल्यास घरगुती दर लागू राहील असे गृहीत धरू नये. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापराच्या आकारणीची तरतूद आहे.

आता अर्थिंग, जिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. समजा, ग्राइंडरच्या धातूच्या आवरणाला फेज चिकटली आणि शेडच्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. ओहमच्या नियमाने २३० भागिले ५० म्हणजे फक्त ४.६ अँपिअर जमिनीत जातील. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घ्यावीशी वाटणार नाही, आणि आवरण प्राणघातक व्होल्टेजवर तसेच राहील. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहांतला फरक मोजतो आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडतो, म्हणून वर्कशॉपला तो हवाच. मात्र तो अर्थिंगची जागा घेत नाही. दख्खनच्या पठारावर काही फुटांखाली बेसॉल्टचा कातळ लागतो आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यात चांगले मोजले गेलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरू शकते. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण त्या उपकरणाचीच तपासणी करते, जमिनीची नाही. तेव्हा परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यायची, ती खड्ड्यात पाणी न ओतता, ऐन मे महिन्यात.