आरशातले पेप्टाइड आणि म्हातारा उंदीर

‘उंदीर पुन्हा तरुण झाले’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येत असते. तिच्यासोबतचे छायाचित्रही ठरलेलेच असते: एकीकडे केस गळालेला, पाठीला पोक आलेला उंदीर आणि दुसरीकडे दाट, तुकतुकीत केसांचा. पेप्टाइड टोचले आणि वार्धक्य मागे फिरले, असा वाचणाऱ्याचा समज होतो. या बातम्यांमागचे रसायनशास्त्र खरोखर विलक्षण आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. मात्र उंदराचे वार्धक्य निरोगी झाले की नाही, हे त्याच्या केसांवरून ठरत नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिनेही अशाच, पण लांबलचक साखळ्या असतात. या साखळ्या तोडणारी विकरे शरीरात जागोजागी असतात, त्यामुळे पोटातून दिलेले पेप्टाइड बहुधा अन्नासारखे पचून जाते आणि टोचलेलेही फार काळ टिकत नाही. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-1 हे संप्रेरक स्वतः एक पेप्टाइडच आहे, आणि रक्तात सुमारे 2 मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते.

यावर काढलेली एक युक्ती मला फार आवडते. ग्लायसीन सोडले तर प्रथिनांतील प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपे संभवतात, आणि ती डाव्या व उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. सजीवांच्या पेशी प्रथिने बांधताना डावखुरे रूपच वापरतात, म्हणून प्रथिने तोडणाऱ्या विकरांची खाचही त्याच रूपाला बेतलेली असते. साखळी उजव्या रूपांची केली तर विकराला ती पकडता येत नाही. अडचण अशी की, ज्या प्रथिनाला जाऊन चिकटायचे तेही तिला ओळखत नाही, कारण अमिनो आम्लांचे बाजूचे गट आता भलतीकडे वळलेले असतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ साखळीचा क्रमही उलटा करतात. डावा हात टेबलावर पालथा ठेवा आणि त्याच्याजवळ उजवा हात उताणा ठेवा. दोन्ही अंगठे एकाच दिशेला येतील आणि बोटांची मांडणी जुळेल, फरक राहील तो तळवा वर की खाली एवढाच. उलट क्रमाच्या उजव्या साखळीतही बाजूचे गट जवळपास मूळ जागी येतात आणि केवळ साखळीच्या कण्याची दिशा उलटी राहते.

नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठ वैद्यकीय केंद्रातील पीटर डी कायझर यांच्या गटाने 2017 मध्ये असेच एक पेप्टाइड, फॉक्सओ4-डीआरआय, वापरले. वयाबरोबर शरीरात विभाजन थांबलेल्या, पण मरत नसलेल्या जीर्ण पेशी साचतात आणि आसपास दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात. अशा पेशींत फॉक्सओ4 हे प्रथिन पी53 या दुसऱ्या प्रथिनाला केंद्रकात धरून ठेवते. पेप्टाइड या दोघांच्या मध्ये शिरले की पी53 केंद्रकाबाहेर पडते, तंतुकणिकांमार्फत (म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांमार्फत) पेशीच्या आत्मनाशाची प्रक्रिया सुरू होते आणि जीर्ण पेशी मरते. जनुकीय दोषामुळे लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांत या उपचाराने केस दाट झाले व धावणे वाढले, तर नैसर्गिकरीत्या म्हाताऱ्या झालेल्या उंदरांत मूत्रपिंडाचे काम सुधारले.

निरोगी वार्धक्य मोजण्याची एक सर्वमान्य रीत म्हणजे 31 मुद्द्यांची जर्जरता तपासणी. तपासनीस उंदराला हातात घेऊन मिशा गळल्या आहेत का, डोळ्यांत मोतीबिंदू दिसतो का, पाठ वाकली आहे का, अंग थरथरते का, जाळीवरची पकड सैल झाली आहे का, आवाजाला तो दचकतो का हे पाहतो. बहुतेक मुद्द्यांना शून्य, अर्धा किंवा एक गुण देतात आणि सगळ्यांच्या बेरजेला 31 ने भागतात. कोणत्या उंदराला औषध मिळाले हे तपासनीसाला ठाऊक असता कामा नये, कारण ‘पाठ किंचित वाकलेली’ हा निर्णय शेवटी डोळ्यांनीच घ्यायचा असतो.

त्याहून मोठी गफलत सुईमुळे होऊ शकते. वारंवार पकडणे आणि टोचणे यांच्या ताणाने उंदीर कमी खाऊ शकतो, आणि अन्न कमी केल्याने उंदीर-घुशींचे आयुष्य वाढते हे 1935 पासून माहीत आहे. म्हणून तुलनेच्या गटालाही तितक्याच वेळा क्षारद्रव टोचावे लागते आणि दोन्ही गटांच्या वजनाची व खाण्याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद नसेल तर आयुष्य वाढल्याचा आलेख मी तरी पुरावा मानणार नाही.

वाढीचे संप्रेरक वाढवणारी पेप्टाइडे ‘तारुण्याची इंजेक्शने’ म्हणून विकणाऱ्यांनी तर प्रयोगशाळेतील प्राण्यांकडे पाठच फिरवली आहे. या संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशीवरचे प्रथिनच नसलेला एक खुजा उंदीर जवळपास 5 वर्षे जगला, आणि साधे उंदीर 2 ते 3 वर्षेच जगतात. उलट, हे संप्रेरक जास्त असलेले धिप्पाड उंदीर लवकर मरतात. तारुण्यात जे भरपूर असते ते म्हातारपणी टोचले की तारुण्य परत येते, हा तर्क ताईत बांधण्याइतकाच निराधार आहे.

उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर एलामिप्रेटाइडच्या वाटचालीत दिसते. चारच अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड तंतुकणिकांच्या आतल्या पटलातील कार्डिओलिपिन या मेदाला चिकटते. 24 महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांना ते 8 आठवडे दिल्यावर ठोक्यांच्या मधल्या काळात हृदय पुन्हा नीट सैलावू लागले. परंतु तंतुकणिकांच्या दोषाने स्नायू दुबळे झालेल्या रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, 6 मिनिटांत चालून जाण्याचे अंतर आणि थकवा या दोन्ही मुख्य कसोट्यांवर ते निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरले नाही. 2025 मध्ये अमेरिकेत त्याला सशर्त मान्यता मिळाली, ती बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी. या आजारात कार्डिओलिपिनच सदोष बनते.