धुई कुठे लागणार, हे परतवाड्यातच कळतं

पावसाळ्यात अमरावती जिल्ह्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या परतवाड्याच्या बस स्टँडवर हे वाक्य हमखास कानावर पडतं: "वरचं काही खरं नाही बापा, इथे ऊन अन् चिखलदऱ्यात धुई." धुई म्हणजे धुकं. मग कोणीतरी 'पहाडाची लहर' म्हणून विषय संपवतो. एकट्याने चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याकडे पायी निघणाऱ्याने तो तिथे संपवू नये. ही लहर मोजता येते, तीही मोबाइलवर दिसणाऱ्या आर्द्रतेच्या एका आकड्यावरून.

वऱ्हाडाच्या सपाटीवरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याला गाविलगडची रांग एकदम आडवी येते. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या आसपास. म्हणजे वाऱ्याला थोड्याच अंतरात सातशेहून जास्त मीटर चढावं लागतं.

चढणारी हवा गार का होते? 'वर हवा विरळ असते म्हणून' हे नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते. फुगताना तिला आजूबाजूची हवा ढकलावी लागते आणि त्या कामाचा खर्च ती स्वतःच्या उष्णतेतून करते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, त्याच्या नेमकं उलट. बाहेर कुणाला उष्णता न देताही हवा किलोमीटरमागे ९.८ अंश गार होते.

आता खरी गंमत. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, तो दवबिंदू. दाब घटल्यामुळे तोही चढताना खाली सरकतो, पण किलोमीटरमागे दोन अंशांहून थोडा कमीच. तापमान वेगाने उतरतं, दवबिंदू हळू. दोघांमधलं अंतर किलोमीटरला सुमारे ८ अंशांनी, म्हणजे दर १२५ मीटरला एका अंशाने मिटतं. ते जिथे शून्य होतं तिथे ढगाचा तळ. त्याच ढगात आपण उभे असलो की त्याला धुई म्हणतो.

दमट हवेत आर्द्रता १०० पासून ५ टक्क्यांनी घसरली की तापमान आणि दवबिंदू यांतलं हे अंतर साधारण एक अंशाने वाढतं. एका अंशाला १२५ मीटर, म्हणजे एका टक्क्याला २५. म्हणून सोपा हिशेब: शंभरातून आर्द्रता वजा करा, २५ ने गुणा. परतवाड्यात ८० टक्के असेल तर २० गुणिले २५, म्हणजे ५०० मीटर. त्यात परतवाड्याचे ३७० मिळवले की ढगाचा तळ ८७० मीटरवर. घाटातच धुई लागणार. ६० टक्के असेल तर तळ १३७० वर, चिखलदरा मोकळा. सत्तरला तळ बरोबर गावाच्या उंचीवर येतो, तेव्हा काहीही होऊ शकतं. दुपारी तापमान चढतं, आर्द्रता उतरते, तळ वर जातो. ऊन कललं की पुन्हा खाली. दोन वाजता गडावरून लख्ख दिसणारी वाट पाचला हरवते ती यामुळे. झड लागलेली असेल तर मात्र हिशेब करत बसू नका.

ढग झाल्यावर गोष्ट पालटते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २५०० जूल उष्णता सुटते, त्यामुळे हवा आता किलोमीटरमागे चार-पाच अंशच गार होते. भोवतालची हवा त्याहून झपाट्याने गार होत गेली असेल, तर हा ढग शेजाऱ्यांपेक्षा गरम राहतो आणि डोंगराच्या मदतीशिवाय चढत सुटतो. मृगाच्या आधीचे आणि परतीच्या पावसातले दुपारचे गडगडाटी ढग असेच उभे राहतात.

त्यातून वीज. आपल्याकडे अजून सांगतात की पायाळू माणसावर वीज पडते. जन्मताना आधी पाय आले की डोकं, याचा विजेला काय पत्ता? मोबाइल वीज ओढतो, हीसुद्धा त्याच जातीची समजूत, फक्त नवी. वीज बहुधा उंच, एकट्या वस्तूवर पडते, आणि उघड्या माळावर ती वस्तू आपणच असतो. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. मग तटाच्या कडेला थांबायचं नाही, एकट्या झाडाखाली तर नाहीच.

वीज लागलेल्याच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला लागायचं असतं. एकट्या चालणाऱ्याजवळ ते करायला कोणी नसतं, म्हणून त्याने गडगडाट ऐकू येताच उताराला लागायचं, फोटो राहिला तरी.