ज्वाळेची कड: जुन्या पिकअपवरच्या आगीमागचे विज्ञान

काळीकुळकुळीत फोर्ड एफ-१००, मॉडेल १९५६चे. फुगीर बोनेटच्या नाकापासून पिवळ्याधमक ज्वाळा निघतात, मडगार्डवरून मागे वाहताना नारिंगी होतात आणि दाराच्या मध्याशी त्यांची लाल टोके निमुळती होत संपतात. प्रत्येक ज्वाळेच्या काठाने दोन मिलिमीटरची फिकट निळी रेघ. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांची इंजिने बदलण्याचे आणि अंग रंगवण्याचे जे वेड रुजले, त्याची ही ओळखीची खूण. बघणाऱ्याची नजर रंगावर जाते. रंगवणाऱ्याचे लक्ष मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कडेवर असते, म्हणजे दोन रंग जिथे भेटतात तिथे. या कामात जे बिघडते ते बहुतेक वेळा तिथेच बिघडते.

यातली रेघ ज्वाळांपेक्षा बरीच जुनी, घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळातली. मोटारींनी ती बग्ग्यांकडून घेतली. १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या केनेथ हॉवर्डने (१९२९–१९९२), ज्याला सगळे व्हॉन डच म्हणत, तिला सरळ रेषेतून सोडवून वळणावळणांच्या नक्षीत नेले. आपल्याला ही कला परकी नाही. रॉयल एनफील्डच्या टाकीवर चेन्नईत हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा याच घराण्यातल्या.

कामाची सुरुवात फडक्याने होते. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षे चोळलेल्या पॉलिशमधले सिलिकॉन बसलेले असते. त्याचा पृष्ठताण रंगापेक्षा कमी असतो, आणि द्रव नेहमी कमी ताणाच्या जागेकडून जास्त ताणाच्या जागेकडे ओढला जातो. म्हणून सिलिकॉनच्या एवढ्याशा ठिपक्याभोवतीही रंग मागे सरकतो आणि गोल खळगा उरतो. गॅरेजात त्याला फिश आय म्हणतात. तेव्हा आधी ग्रीस काढणारे द्रावण ओल्या फडक्याने लावायचे आणि वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचे. एकाच फडक्याने पुसले तर मळ फक्त इकडचा तिकडे जातो. पॉलिश पेपर घासायचा तो यानंतर, कारण आधी घासले तर सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसते.

खालचा रंग कोणता हेही तपासावे. थिनरमध्ये बुडवलेले पांढरे फडके कोपऱ्यात चोळले आणि त्यावर रंग उतरला, तर तो जुना लॅकर किंवा नीट न पिकलेला, म्हणजे आतून पुरता कडक न झालेला इनॅमल आहे. त्यावर थेट नवा रंग मारला तर सुरकुत्या पडतील, मध्ये सीलर, म्हणजे दोन रंग वेगळे ठेवणारा थर, हवाच. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे रसायन, घातलेला युरेथेन असेल तर फडके स्वच्छ राहते. पण त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंतलेले असल्याने नवा रंग त्यात विरघळून मिसळत नाही, त्याला पकड लागते ती बारीक ओरखड्यांची. ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत, चमक पूर्ण जाईपर्यंत. ४०० वापरला तर त्याच्या रेषा पातळ रंगातून वर दिसतात.

मग आखणी. बोनेटच्या मधोमध रेघ काढून एका अंगाच्या ज्वाळा कागदावर रेखाटायच्या, रेषेवर सुईने बारीक भोके पाडायची आणि पुरचुंडीतली खडूची पूड त्यावर आपटायची. उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदातून रांगोळीचे ठिपके घालतात, तसेच. कागद उलटा केला की दुसरी बाजू तयार. दोन ज्वाळांमधली बेचकी पाण्याच्या थेंबासारखी गोल हवी. ती टोकदार झाली की आगीऐवजी करवतीचे दाते दिसू लागतात.

पुडीच्या ठिपक्यांवरून तीन मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची फाइनलाइन टेप जाते. साधी कागदी मास्किंग टेप इथे चालत नाही, तिच्या सुरकुतलेल्या अंगाखालून रंग झिरपतो. टेप वळवताना ताणण्याचा मोह होतो आणि घात तिथेच होतो. ताणलेले प्लास्टिक हळूहळू मूळ लांबीवर परतते, त्यामुळे तासाभराने वळणाच्या आतल्या बाजूला ती उचललेली दिसते. एका हाताने रोल धरून वळणाची दिशा द्यायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टेप मागून दाबत न्यायची, बिलकूल न ताणता. टोकाशी दोन टेपा एकमेकींवर येतात. तिथे नवी ब्लेड तिच्या स्वतःच्या वजनाने फिरवावी. जोर दिला तर काप खालच्या काळ्या रंगात जातो आणि क्लिअरखाली, म्हणजे शेवटी मारायच्या पारदर्शक थराखालीही दिसत राहतो. दाराच्या फटीवर टेप आधी सलग लावावी, ज्वाळेची ओळ दोन्ही पत्र्यांवर जुळली की मगच ती फटीत कापून आत दुमडावी.

आता रंग. काळ्यावर थेट पिवळा मारला तर तो शेवाळी हिरवट दिसतो, कितीही हात दिले तरी. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे रेझिन यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या मापात, जितका फरक जास्त, तितका प्रकाश विखुरतो आणि खालचे झाकले जाते. रेझिनचा अपवर्तनांक साधारण १.५, पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७. आजच्या झगझगीत सेंद्रिय पिवळ्यात हा फरक बराच कमी असतो. म्हणून ज्वाळांच्या जागी आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात द्यायचे, त्यावर पूर्ण पिवळा, मग मागच्या दोन-तृतीयांश भागावर नारिंगी आणि टोकांना लाल. क्रम फिकटाकडून गडदाकडेच, कारण फिकट रंग गडदाला झाकत नाही. लहान स्प्रे गन, ०.८ ते १ मिलिमीटरचे नोझल, दीड बारच्या आसपास दाब आणि पत्र्यापासून १५ सेंटिमीटर अंतर. बोनेट, दोन मडगार्ड आणि दारे एवढ्यासाठी फवारायला तयार केलेला पिवळा अर्धा ते पाऊण लिटर पुरतो, नारिंगी आणि लाल पाव-पाव लिटर.

पहिला हात जवळजवळ कोरडा, धुरासारखा द्यावा. टेप आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी ओला रंग केशाकर्षणाने तिच्यात ओढला जातो. कोरडा हात ती फट बुजवतो. प्रत्येक हातानंतर १० ते १५ मिनिटे थांबायचे. घाईने जाड हात दिला तर टेपच्या कडेशी रंगाचा बांध तयार होतो, आणि पुढचे निम्मे कष्ट त्या बांधाशी झुंजण्यात जातात.

शेवटच्या हातानंतर रंग बोटाला चिकटेनासा झाला, पण कडक झालेला नाही, हीच टेप काढायची वेळ. टेप स्वतःवर उलटी दुमडून, पत्र्याला लगटून सावकाश ओढायची. सरळ वर खेचली तर ती रंगालाही वर उचलते. रात्रभर ठेवली तर वाळलेला पापुद्रा टेपसोबत फाटतो आणि कड दातेरी होते. सगळे नीट जमले तरी कडेला ४०–५० मायक्रॉनची पायरी उरतेच. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, म्हणजे ही पायरी डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते. ती बुडवण्यासाठी क्लिअरचे दोन-तीन हात, पूर्ण वाळल्यावर ८०० नंबरने सपाट घासणे, आणि रेघा झाल्यावर पुन्हा क्लिअर. घासताना पेपरखाली रबराचा ठोकळा ठेवावा आणि पायरीवर हात हलका असावा. सर्वात उंच जागा तीच, त्यामुळे पेपर आधी तिथेच रंगापर्यंत पोचतो.

क्लिअरबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांच्याशी वैर धरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हाच भरवशाचा उपाय. नाकाला रुमाल बांधून क्लिअर मारणारे कारागीर आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. रुमाल या वाफा अजिबात अडवत नाही. हेच आयसोसायनेट दमट हवेतल्या पाण्याशीही भिडते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हार्डनरचा डबा उघडा राहिला किंवा कॉम्प्रेसरच्या नळीतून पाणी आले, तर क्लिअरमध्ये बुडबुडे दिसतात ते बऱ्याचदा याचेच.

रेघेचा ब्रश तलवारीच्या पात्यासारखा तिरका असतो. खारीच्या शेपटीचे सुमारे पाच सेंटिमीटर लांब केस, मूठ मात्र आखूड. केसांमधल्या फटी केशाकर्षणाने रंग साठवतात, आणि एका भरणीत मीटर-दीड मीटर रेघ निघते. इनॅमल गुळगुळीत कागदावर घेऊन ब्रशची दोन्ही अंगे त्यावर मागेपुढे फिरवत भरायची. ब्रश कागदावर किंचित अडल्यासारखा वाटला की रंग जमला. फार पातळ झाला तर रेघेच्या कडा पसरतात, घट्ट राहिला तर रेघ तुटते. चांगला रेघेचा इनॅमल ओढताना सैल होतो आणि ब्रश पुढे गेला की पुन्हा आळतो, म्हणून उभ्या दारावरही तो ओघळत नाही. करंगळी पत्र्यावर टेकवायची, बोटे स्थिर ठेवायची आणि हात खांद्यापासून न्यायचा. रुंदी दाबावर ठरते. चूक झाली तर लगेच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावी. खालचे क्लिअर पिकलेले असल्याने त्याला काही होत नाही.

ही रेघ ज्वाळेच्या कडेवर बरोबर बसते, थोडी इकडे, थोडी तिकडे. टेपखालून झिरपलेला रंग आणि उरलेली पायरी ती झाकते, पण तिचे काम तेवढ्यावर संपत नाही. गोबेलाँच्या विणकामशाळेत रंगाईची देखरेख करणाऱ्या मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली मांडले की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचा फरक वाढवून दाखवतात. फिकट निळ्याशेजारी नारिंगी अधिक तापलेला दिसतो तो यामुळे. लाल रेघ ओढली तर ती लाल टोकांत हरवते आणि ज्वाळा बोथट वाटते.

रेघेवर क्लिअर मारायचे असेल तर इनॅमलमध्येही हार्डनर घालावा. साधा इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने पिकतो आणि त्याला दिवसचे दिवस लागतात. अर्धवट पिकलेल्या थरात क्लिअरचे द्रावण शिरले की तो फुगतो. खालून चिकटलेला असल्याने पसरायला जागा नसते, मग तो सुरकुततो. क्लिअरचा पहिला हात इथेही धुरासारखाच.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा खंगाळून तेलात भिजवावा, केस बोटांनी सरळ करून पसरट ताटलीत आडवा ठेवावा. उभा ठेवला तर टोक कायमचे वाकते, आणि वाकलेल्या टोकाने सरळ रेघ येत नाही.