एक्स्टेन्शन बोर्ड

भिंतीतील सॉकेटची वीज लवचीक वायरीने हव्या त्या जागी नेऊन एकाहून अधिक उपकरणांना पुरवणारे फिरते साधन. भारतात घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा असून सॉकेट 6 आणि 16 अँपिअरचे असतात. प्लग व सॉकेट यांना आयएस 1293 हे भारतीय मानक लागू आहे.

बोर्डावर चार सॉकेट असले, तरी त्या सर्वांचा भार अखेर भिंतीतील एकाच सॉकेटवर येतो. 6 अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे 1380 वॅटच घेता येतात. 1000 वॅटची इस्त्री चालू असताना त्याच बोर्डावर 750 वॅटचा मिक्सर लावल्यास प्रवाह साडेसात अँपिअरच्या पुढे जातो. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता चौपट होते, आणि वायर गुंडाळलेली किंवा सतरंजीखाली दडपलेली असल्यास ती उष्णता बाहेर पडत नाही. चार्जर किंवा टीव्ही यांची चिंता नसते. गीझर आणि पाणी तापवण्याचा रॉड मात्र थेट भिंतीतील 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा.

सैल सॉकेटचा धोका अधिक फसवा असतो. पिन नीट पकडली गेली नाही, तर त्या एका बिंदूशी ठिणग्या उडतात, बारीक चरचर ऐकू येते, प्लास्टिक तपकिरी पडते. परंतु एकूण प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी (जादा प्रवाह आल्यास पुरवठा तोडणारा स्विच) पडत नाही. असा सॉकेट बदलावा. प्लगऐवजी वायरीची सोललेली टोके सॉकेटमध्ये घालून ती काडीपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवण्याचा प्रकार आजही पाहायला मिळतो. त्यात हा दोष तर येतोच, शिवाय उघडी तार हाताला लागते.

थ्री-पिन प्लगची जाड, लांब पिन अर्थिंगची, म्हणजे गळतीचा प्रवाह जमिनीत नेणाऱ्या जोडणीची असते. ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. विदर्भात उन्हाळ्यात वापरले जाणारे पत्र्याचे कुलर टू-पिन प्लगवर चालवले, तर अर्थिंगच राहत नाही आणि आत विजेची गळती झाली की संपूर्ण पत्र्यात करंट उतरतो. म्हणून कुलरमध्ये पाणी भरताना केवळ स्विच बंद न करता प्लगही काढून ठेवावा. 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी हे सुरक्षा-साधन अशी गळती ओळखून पुरवठा तोडते, पण फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम हातात आल्या व जमिनीकडे गळती झाली नाही, तर त्यालाही काही कळत नाही.