ब्रेकच्या खुणा नसलेला अपघात

पहाटेचे साडेतीन-चार. सरळसोट रस्ता, गाडीत चालक सोडून बाकी सगळे झोपलेले, आणि डांबरावर टायर घासल्याची एकही खूण नाही. एवढं दिसलं की तपास करणाऱ्याला अंदाज येतो: याचा डोळा लागला असणार. जागा माणूस धडकायच्या आधी ब्रेक दाबतो, निदान स्टिअरिंग तरी फिरवतो.

पण हा अंदाज कागदावर क्वचितच उतरतो. दारू पकडायला फुंकायची नळी आहे, रक्ततपासणी आहे. झोपेला तसलं काही नाही. वाचलेला चालक ‘कुत्रं आडवं आलं’ म्हणून मोकळा होतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. त्या रकान्यात पेंगेचे किती बळी जाऊन बसले असतील, याचा विचार कुणी फारसा करत नाही.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवत नेतं. त्यात शरीराचं घड्याळ रात्री दोन ते पहाटे पाच-सहा आणि पुन्हा दुपारी दोन ते चार या वेळांत सुस्ती आणतं. दोन्ही एकत्र आले की मेंदू मालकाला न विचारता काही सेकंद बंद पडतो. डोळे कधीकधी उघडेच असतात. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने धावणारी कार सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांच्या डुलकीत सव्वाशे मीटरहून जास्त रस्ता कुणीच चालवत नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक तुलना मांडली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर ऑफिस करून रात्री अकराला गावी निघणारा निर्व्यसनी गृहस्थ तसा ‘प्यायलेला’च असतो, फक्त त्याला कुणी अडवत नाही.

समृद्धीला लोक नावं ठेवतात, की रस्ता सरळ आहे म्हणून झोप येते. ते अर्धंच खरं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरमध्ये ना चौक, ना गाव, ना सिग्नल. मेंदूला चाळवणारं काही नाही. पण असा रस्ता झोप निर्माण करत नाही, आधीच साठलेली उघडी पाडतो.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखू मळणं, तोंडावर पाणी मारणं यांनी जेमतेम काही मिनिटं निभतात. खरा उतारा इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसला: गाडी सुरक्षित जागी लावून कडक कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॅफिन चढायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात झोप आपलं काम करते आणि उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. जास्त वेळ झोपलात तर मात्र उठल्यावर डोकं जड राहतं, तेव्हा गजर लावलेला बरा.

फोनची गोष्ट वेगळी, पण परिणाम तोच. हँड्स-फ्री लावला की भागलं, हा समज अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या प्रयोगांनी मोडीत काढला. बोलणाऱ्याची नजर समोरच्या वस्तूवर पडते, पण मेंदू तिची दखल घेत नाही. शेजारी बसलेला माणूस घाटात वळण आलं की आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला घाट दिसत नाही.

यंत्रं आता हे ओळखतात. ताजा चालक स्टिअरिंग सतत किंचित हलवत असतो. पेंगुळलेला बराच वेळ हलवतच नाही आणि मग एकदम हिसका देतो. डॅशबोर्डवरचा इन्फ्रारेड कॅमेरा पापण्या किती वेळ जवळजवळ मिटलेल्या आहेत हे अंधारातही मोजतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये पेंगेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे.

पण भोंगा वाजला तरी सकाळी सातला माल पोचवायचाच असेल, तर चालक काय करेल? भोंगा बंद करेल. त्यामुळे माझ्या मते प्रश्न कॅमेऱ्याआधी ड्युटीचा आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एका ट्रकचा मालक किंवा दोन गाड्यांची ट्रॅव्हल्स त्यातून बाहेरच असायची. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं, आणि ट्रकमधला टॅकोग्राफ त्याची नोंद ठेवतो, मालकाच्या शब्दावर काही अवलंबून नसतं.

आणि सहलीला गाडी ठरवणारे आपण? लॉजवर सगळ्यांना खोल्या घेतो, ड्रायव्हरदादा मात्र पार्किंगमध्ये सीट मागे पाडून डास मारत रात्र काढतात, आणि काकड आरती गाठायला पहाटे चारला त्यांनाच उठवतो. तमिळनाडूने २०२३ मध्ये हॉटेल-लॉजना चालकांसाठी झोपायची आणि स्वच्छतागृहाची सोय ठेवणं बंधनकारक करणारा नियम आणला. आपल्याकडे तसा नियम येईपर्यंत भाडं ठरवतानाच एक जादा खाट मागून घेता येते.