जुन्या औषधांची जिवाणूंवर बदली: पार्श्वभूमी

जुन्या औषधाला नवे काम देण्यामागचा हिशेब सरळ आहे. माणसातले दुष्परिणाम आधीच तपासलेले असतात, त्यामुळे काही वर्षे वाचतात. मात्र ती तपासणी जुन्या मात्रेपुरती आणि जुन्या मार्गापुरतीच असते. अनेक दावे इथेच अडतात.

सुरुवात उलट्या प्रवासाने झाली म्हणायला हरकत नाही. क्लोफाझिमिन 1950च्या दशकात डब्लिनमध्ये क्षयरोगासाठी तयार झाले, तिथे मागे पडले, कुष्ठरोगाच्या उपचारात रुजले आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग वाढल्यावर पुन्हा मूळ कामावर आले.

ऑरानोफिनची गोष्ट वेगळी. सोन्याचे हे संयुग अमेरिकेत 1985 मध्ये संधिवातासाठी मंजूर झाले. जिवाणूंमध्ये ते थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे विकर बंद पाडते. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूकडे ग्लुटाथायोन (त्या विकराच्या कामाला पर्याय ठरणारा रेणू) नसते, म्हणून तो मरतो, ई. कोलाय या जिवाणूकडे ग्लुटाथायोनही असते आणि वर बाह्यपटल, म्हणजे पेशीचे बाहेरचे आवरणही, म्हणून तो तगतो. हे बाह्यपटल सैल करायला निद्रारोगावरचे पेंटामिडिन उपयोगी पडते, हे 2017 मध्ये दिसले. ते सोबत असले की एरवी आत न शिरणारी रिफाम्पिसिनसारखी प्रतिजैविके आत पोहोचतात. अशी जोडी तपासताना मात्रेतला दुप्पट-निम्म्याचा फरक चाचणीच्या चुकीतच मोडतो. दोन्ही औषधांची लागणारी मात्रा एकचतुर्थांशावर यायला हवी.

बायोफिल्मने, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराने, गणित आणखी अवघड केले. औषधाची किमान मात्रा ठरवण्याच्या नेहमीच्या चाचणीत मिलिलिटरला 5 लाख जिवाणू पोषक द्रव माध्यमात सोडून 35 अंश सेल्सिअसला 16 ते 20 तास ठेवतात. हे सगळे सुटे, पोहणारे जिवाणू. चिकट थरात बसलेल्यांना कधी 10, कधी 1000 पट मात्रा लागते. 1999 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत झाकणाला 96 खुंट्या असलेले साधन आले आणि थरावरची चाचणी सोपी झाली. तरीही घाईत लोक क्रिस्टल व्हायोलेटच्या रंगावरच निष्कर्ष काढतात. हा रंग मेलेल्या पेशींना आणि चिकट द्रव्यालाही चढतो. खुंट्या ध्वनिलहरींनी हलवून, सुटलेले जिवाणू प्लेटवर वाढवून मोजल्याशिवाय काही खरे नाही.

कर्करोगात वाढलेल्या कॅल्शियमवर पूर्वी वापरले जाणारे गॅलियम लोहाच्या जागी शिरून स्यूडोमोनास या जिवाणूची उपासमार करते. माध्यमात लोह जास्त असेल तर परिणाम ओसरतो. त्यामुळे कोणते माध्यम वापरले ते न सांगणाऱ्या निकालाला फारसा अर्थ नाही.

निक्लोसामाइड हा सर्वात बोलका नमुना. फीतकृमींसाठीचे हे औषध आतड्यातून फारसे शोषले जात नाही. जुन्या कामात हाच त्याचा गुण होता. काचेच्या नळीत ते एमआरएसएला (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला) अगदी थोड्या मात्रेत रोखते. पण रक्तात पोहोचलेला थोडा अंशही अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटतो, आणि माध्यमात रक्तरस मिसळला की लागणारी मात्रा वर चढते. म्हणून जिवाणूंसाठी त्याचा विचार गोळीपेक्षा त्वचेवरचे मलम आणि उपकरणांवरचा लेप म्हणून जास्त होतो.